पिंपळनेरची पाळी

अक्का, तुझ्याबद्दल जे लिहायचं ते सगळ्यांचं लिहून झालं. तुझं शिक्षण, पिंपळनेरच्या कॉलेजातली नोकरी, सरावाच्या वेळी मैदानावर आलेली चक्कर, धुळ्याला नेताना वाटेतच संपलेलं सगळं. क्रीडा संचालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुझा साडीतला फोटो फिरला. गळ्यात शिट्टी नाही म्हणून त्या फोटोत तू कोणी दुसरीच बाई वाटतेस. त्यातलं काही मला पुन्हा लिहायचं नाही. मला तुला बैठकीत काय झालं ते सांगायचं आहे. तू असतीस तर धुळ्याच्या स्टँडवरूनच फोन लावला असता आणि तू आधी विचारलं असतंस, "जिकनं कोन, ते सांग पहिले."

तेच मला अजून नीट कळलेलं नाही.

बैठक आपल्या हॉकी समितीची. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या कॉलेजांचे मुलींचे संघ विद्यापीठाच्या हॉकी स्पर्धेत उतरतात, त्यांचे क्रीडा संचालक वर्षातून एकदा एकत्र बसतात. स्पर्धा कोणी भरवायची, विद्यापीठाचा संघ कसा निवडायचा, एवढंच काम. चहा, बिस्किटं, सह्या आणि परतीची एसटी. यंदा मात्र आमच्या कॉलेजचा प्रस्ताव होता. आमच्याकडे जळगावला कृत्रिम गवताचं टर्फ झालं तेव्हापासून तो येणार हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. स्पर्धा दरवर्षी आमच्याच टर्फवर व्हावी. वरच्या कॉलेजांचा एक 'स्पर्धा गट' करावा, बाकीच्यांचा 'सहभाग गट'. आणि विद्यापीठाच्या संघासाठी मुली पाहायच्या त्या फक्त पहिल्या गटातल्या.

म्हणजे पिंपळनेर, शिंदखेडा, धरणगाव यांच्या मुलींनी यायचं, खेळायचं, जेवायचं आणि घरी जायचं. विद्यापीठाचा कलर, तो कोट, ज्याच्यासाठी आपण दोघी एकेकाळी जीव टाकायचो, तो त्यांच्या अंगावर कधी चढणार नाही.

तू हे मला एकदा फोनवर एका वाक्यात सांगितलं होतंस. "लगीनमा नुसतं जेवाले येतस ना, त्यासले सहभाग म्हनतस, रेखी."

मी तेव्हा हसले होते. पण मला तुझं पूर्ण पटलं नव्हतं, आणि हे मी तू गेल्यावर बदलणार नाही. गेलेल्या माणसाचं सगळंच पटायला लागतं, तसं माझं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

तुला आठवतं, आमच्या टर्फवर तुझा संघ पहिल्यांदा आला तो दिवस? तुझ्या मुली कॅनव्हासच्या बुटांनी आल्या होत्या. टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं त्या नुसत्या घसरत होत्या. तुझ्या गोलकीपरच्या पायाला क्रिकेटचे पॅड होते, त्यांचे पट्टे सुतळीने बांधलेले. आमच्या मुलींनी अकरा गोल केले. आमच्या कॅप्टनने शेवटी शेवटी मारणं सोडून नुसते पास द्यायला सुरुवात केली, तर तू बाहेरून ओरडलीस, "ए पोरी, मार! आमले दया नको."

सामना संपल्यावर मी तुला पॅव्हेलियनच्या मागे गाठलं.

"अक्का, ही काय स्पर्धा आहे? या मुलींना त्यांच्या बरोबरीच्यांशी खेळू दे ना."

"बरोबरीनं कोन ठरावस?"

"गोल ठरवतात. अकरा-शून्य."

"मंग गयं साल आमना मुरूमवर तुम्ही एक बी गोल नही करी शकनात, ते कोन ठराये?"

आदल्या वर्षी स्पर्धा पिंपळनेरला होती. तुमच्या मैदानावर चेंडू कुठल्या खड्यावरून कुठे उडेल ते तुझ्या मुलींना पाठ, आमच्यांना प्रत्येक वेळी नवीन. आमचा संघ एका शॉर्ट कॉर्नरवर हरला होता. पण तरी मी म्हणालेच, "अक्का, पुढे सगळीकडे टर्फच आहे. आंतरविद्यापीठला कोणी मुरूम घालून देणार नाही. आपल्या विद्यापीठाच्या मुली पहिल्याच फेरीत घरी का येतात?"

"तुनं खरं शे," तू म्हणालीस. मग पदराने कपाळ पुसत, "पन खरं एकच ऱ्हास का?"

असं तू करायचीस. समोरच्याचं मान्य करायचीस आणि त्याला तिथेच उभं करून निघून जायचीस.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याच्या कॉलेजच्या मैदानावर, चुन्याची पांढरी फक्की टाकताना. तू सेंटर हाफ, तिसऱ्या वर्षाला. मी रावेरकडून आलेली, आत्याच्या घरी राहणारी, स्टिक धरायलाही न येणारी. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. आणि तुझ्या घरात, साक्री तालुक्याच्या पार टोकाला, पावसावरची शेती नि उन्हाळ्यात मोहाची फुलं. तू मला विचारलंस, "पयता येस का?" मी म्हटलं, पळता येतं. "मंग बस शे."

दुसऱ्या वर्षी आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, खेळ बंद करायला सांगितलं. चड्डी घालून मुलगी पळते हे कोणीतरी गावात येऊन बोललं होतं. तू एसटीने आमच्या गावी आलीस, थेट बागेत, केळीचे घड उतरवणं चालू असताना. दादा घड खांद्यावर घेऊनच म्हणाले, "खेयून काय मियते, बाई?"

"काका, खेयीसन काय भेटस ते माले बी माहीत नही. नही खेयी तं काय भेटस ते माहीत शे. लगीन."

आई बांधावर बसली होती. तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की दादांना घड खाली ठेवावा लागला. ते म्हणाले, "हे पोरगी लय बोलते." पण जाताना तुझ्या पिशवीत केळी भरून दिली, आणि मला पुढचं वर्ष मिळालं. पुढे कलर मिळाला, बी.पी.एड. झालं, जळगावच्या मोठ्या कॉलेजात नोकरी लागली. आज लोक मला मॅडम म्हणतात. त्या मॅडमच्या मागे बांधावर बसून हसलेली माझी आई आहे आणि तू आहेस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "आते रडशी का?"

पण मला त्या शब्दाकडे यायचं आहे. सगळा घोळ त्या एका शब्दाने केला.

मी नोकरीला नवीन लागले होते त्या वर्षीची बैठक. मुलींची स्पर्धा तेव्हा नुकती कॉलेजा-कॉलेजांत फिरायला लागली होती. खोलीत सगळे सर आणि बायका फक्त आपण दोघी. विषय होता यजमानपदाचा, आणि दोनदा पिंपळनेरला डावलून स्पर्धा दुसरीकडे गेली होती. तू उभी राहिलीस. बैठकीत तू शुद्ध बोलायचीस, जरा जास्तच शुद्ध.

"अध्यक्ष महोदय, यंदा पिंपळनेरची पाळी आहे. मागच्या वर्षी आमची पाळी चुकली. त्याच्या आधीही चुकली. पाळी सारखी चुकायला लागली की बाईमाणसाला काळजी लागते."

एका सरांनी भरलेल्या बशीत आणखी चहा ओतला. समितीचे सचिव, बिचारे सज्जन गृहस्थ, कानापर्यंत लाल झाले. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, बरोबर आहे, मॅडमचं म्हणणं मान्य, नियमच करून टाका. आणि सचिव लिहायला लागले. यजमानपद प्रत्येक महाविद्यालयाला... इथे त्यांचं पेन थांबलं.

शिंदखेड्याचे भामरे सर हळूच म्हणाले, "आळीपाळीने लिहा ना."

सचिवांना त्यातही ती 'पाळी' ऐकू आली. त्यांनी मान हलवली, घाम पुसला आणि लिहिलं, 'क्रमवारीनुसार देण्यात यावे'. वाचून दाखवलं. भारदस्त वाटलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सह्या केल्या. तू आणि मीसुद्धा केल्या.

मग स्टँडवर, रसवंतीच्या बाकावर, तू हसायला लागलीस ती थांबेचना. उसाचा रस नाकात गेला. मी विचारलं, "अक्का, मुद्दाम बोललीस ना?" तू हाताने नाही नाही करत होतीस आणि हसत होतीस. त्यामुळे ते मुद्दाम होतं की तोंडातून गेलं, हे मला आजही माहीत नाही. माझी बस आधी लागली.

त्यानंतर बरीच वर्षं स्पर्धा बरोबर फिरली. चोपडा, शिंदखेडा, धरणगाव, पिंपळनेर, आम्ही. नियम कोणी उघडून पाहिला नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं की आपलं ठरलंय काय. पिंपळनेरच्या वर्षी वर्गखोल्यांत गाद्या टाकल्या होत्या. तुझ्या मुलींच्या आयांनी नागलीच्या भाकरी थापल्या. आमच्या मुली आंघोळीच्या रांगेवरून कुरकुरल्या, त्यांना मी दटावलं. आणि सामन्याच्या वेळी त्या आया हाताला पीठ तसंच ठेवून मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. आपली मुलगी रोज संध्याकाळी कुठे जाते, काय करते, ते त्या पहिल्यांदा पाहत होत्या. तू मला कोपराने ढोसलंस. "देख. आते यासनी धाकली पोर बी भेटी माले." आणि खरंच, पुढच्या वर्षी तुझ्याकडे बहिणी-बहिणी खेळायला होत्या.

हा तुझा मुद्दा होता आणि तो माझ्या मुद्द्यापेक्षा लहान नव्हता. जिथे खेळ पोचतो तिथूनच मुली येतात. माझा मुद्दा होता, ज्या मुली आल्या त्यांना पुढे कुठवर नेणार? आमच्या प्राचार्यांनी टर्फसाठी किती दारं झिजवली ते मी पाहिलंय. त्यांची स्वतःची मुलगी खेळत नाही. त्यांना फक्त हवंय की आपल्या भागातली एखादी मुलगी देशाकडून खेळावी. तू त्यांना 'गालीचावाले साहेब' म्हणायचीस. ते वाईट माणूस नाहीत, अक्का. ते महत्त्वाकांक्षी आहेत, आणि आपल्यासारख्या घरांतून आलेल्यांना महत्त्वाकांक्षा या शब्दाची थोडी भीतीच वाटते.

टर्फ झालं, प्रस्ताव लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नियम उघडला. त्यांना 'क्रमवारीनुसार' दिसलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दाखवलं. "मॅडम, हे तर आपल्या बाजूचंच आहे. क्रमवारीत पहिले कोण? आपण. म्हणजे यजमानपद आपलं. आपण इतकी वर्षं उगाच फिरत होतो."

त्यात त्यांची लबाडी नव्हती. कोणीही तेच वाचलं असतं. मी म्हटलं, "सर, त्याचा अर्थ तसा नाहीये." ते म्हणाले, "मग कसा आहे?" आणि अक्का, त्या केबिनमध्ये, शिपाई चहा ठेवत असताना, मला तो शब्द उच्चारता आला नाही. मी म्हटलं, "आधी फिरतं होतं ना, सर." ते म्हणाले, "आधी टर्फ नव्हतं."

मग तुझा फोन आला. तुझं माझं शेवटचं बोलणं. तुला प्रस्तावाची प्रत मिळाली होती.

"त्या खोलीमा व्हतात त्यामधला आते तिनच उरेल शेत. मी, तू आनि भामरे सर. भामरे सर लाजरा मानूस, तो नही बोलाव. मी बोलसू. पन मी बोलनू तं म्हनतीन, हाई तं पिंपळनेरनीच शे. तू सांगशी का?"

"अक्का, मी प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या शेजारी बसणार आहे."

"म्हनीसनच."

"आणि समज, शब्द दुरुस्त झाला. पुढे काय? तुझ्या मुली अकरा गोल खातात आणि तू शब्दावर भांडतेस. मुरूमवर खेळून त्यांचं काय भलं होणार?"

तू म्हणालीस, "भाकर जयी ऱ्हायनी. ठेवस." आणि फोन ठेवलास. रागाने ठेवलास की खरंच भाकरी जळत होती, हे आता कोणाला विचारू? तुझ्या घरी दिवसकार्याला आले तेव्हा चुलीपाशी तुझी वहिनी होती. तिला विचारावंसं वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

बैठकीच्या दिवशी धुळ्याला पोचले आणि खुर्चीत बसले. प्राचार्य माझ्या शेजारी. समोर भामरे सर. तुझी खुर्ची त्यांच्या बाजूची. पिंपळनेरहून कोणी आलंच नव्हतं. आधी तुझ्यासाठी उभे राहिलो. शांतता जेमतेम सुरू झाली तोवर अध्यक्षांनी घसा साफ केला आणि सगळे बसलो. लगेच विषय पहिला.

प्राचार्य छान बोलले. मुद्देसूद, कोणालाही न दुखावता. विद्यापीठाची कामगिरी, टर्फची गरज, प्रवासाची दगदग. शेवटी नियम वाचला. "क्रमवारीनुसार. आम्ही काही वेगळं मागत नाही. नियमात आहे तेच मागतो."

अध्यक्षांनी विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?"

भामरे सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. धरणगावचे सर म्हणाले, "पूर्वी फिरतं होतं, पण आता नियमच तसा असेल तर..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. अध्यक्षांनी पेन उचललं.

मी उभी राहिले. प्राचार्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूने काही जोडणार. त्यांनी माझी खुर्ची मागे सरकवायला मदतही केली.

"सर, हा नियम लिहिला तेव्हा मी खोलीत होते. क्रमवारी हा शब्द रँकिंगसाठी आलेला नाही."

"मग?"

"मूळ शब्द दुसरा होता."

"कोणता?"

"पाळी."

कोणीतरी खोकलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आळीपाळी."

"नाही सर, पाळी. कमलअक्का म्हणाल्या, पिंपळनेरची पाळी चुकते. तो शब्द लिहायचा संकोच वाटला म्हणून क्रमवारी लिहिलं. त्या दिवशी सगळ्यांना अर्थ कळला होता. फक्त लिहायला लाज वाटली."

प्राचार्य माझ्याकडे पाहत नव्हते. ते समोरच्या कागदाकडे पाहत होते. शेवटच्या रांगेतून कोणी तरुण सर हसले, आणि कोणी तरी त्यांना "अहो" म्हणालं. मला वाटलं, आता कोणी तरी म्हणेल, याला पुरावा काय? तू तर नव्हतीस.

आणि भामरे सर उठले. टेबलाकडे पाहत म्हणाले, "मॅडम खरं बोलतात. आळीपाळीने लिहा असं मीच म्हटलं होतं. ते पण नाही लिहिलं. मी मघाशीच बोलायला पाहिजे होतं. पण कसं बोलणार, असा विषय." आणि खाली बसले. मग पुन्हा अर्धवट उठून म्हणाले, "अक्कांनी तीनदा म्हटला होता तो शब्द."

या वेळी सगळेच हसले. अध्यक्षसुद्धा. तुझ्यासाठी उभं राहून जी शांतता पुरती पाळली गेली नाही, ती त्या हसण्यात भरून निघाली असं मला वाटलं. नियम दुरुस्त झाला. 'आळीपाळीने' लिहिलं. तुझा शब्द अर्धा तरी कागदावर आला. गटांचा विषय पुढच्या वर्षावर गेला. तो पुन्हा येईल, आणि त्यातल्या टर्फच्या भागाला मी हात वर करणार आहे, हे तुला आताच सांगून ठेवते.

पण तुझा प्रश्न होता, जिंकलं कोण. नियम दुरुस्त झाल्यावर अध्यक्षांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "मग या हिशोबाने यंदा पिंपळनेर येतं." आणि थांबले. सगळ्यांनी तुझ्या खुर्चीकडे पाहिलं.

"तिथे आता क्रीडा संचालकच नाही. जागा कधी भरतील सांगता येत नाही. स्पर्धा भरवणार कोण?"

प्राचार्य पहिल्यांदा बोलले, शांतपणे. "आम्ही आजही तयार आहोत."

म्हणजे शब्द तुझा, आणि स्पर्धा पुन्हा जळगावला. मला तुझा इतका राग आला, अक्का. सगळं भांडण मला जिंकायला लावून, ज्याच्या अर्ध्यावर माझा विश्वासही नाही, तू नेमकी मैदान आखायच्या वेळी निघून गेलीस. मी बसलेली पुन्हा उठले.

"पिंपळनेरच्या प्राचार्यांशी मी बोलते. ते हो म्हणाले तर व्यवस्था मी बघेन. सुट्टी टाकून."

"कोणाकडून?" प्राचार्यांनी विचारलं. "म्हणजे आपल्या कॉलेजकडून की त्यांच्या?"

"स्पर्धा सुरू होईपर्यंत त्यांच्या. सामना सुरू झाला की आपल्या."

परतीच्या प्रवासात गाडी पारोळ्याच्या पुढे आली. मग प्राचार्य म्हणाले, "मला तुम्ही केबिनमध्येच सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "शिपाई होता, सर." ते खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की ते हसताहेत. पण एरंडोलला चहाला उतरलो तेव्हा पुन्हा गंभीर होते. "सुट्टी देईन. पण तिथे आपली टीम हरली तर मला कारण सांगू नका. मुरूम वगैरे." म्हटलं, नाही सांगणार.

गेल्या रविवारी पिंपळनेरला गेले. तुमचे प्राचार्य आधी कां-कू करत होते, मग म्हणाले, "अक्कांचं काम अर्धवट ठेवायला बरं नाही वाटत." मैदानावर तुझ्या मुली होत्याच. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. खडे वेचणं चालू होतं. मी म्हटलं, फार वेचू नका. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. म्हटलं, "खडे गेले तर तुमचा काय फायदा?" मग त्यांना समजलं. पण हसलं कोणीच नाही. तू गेल्यापासून त्या हसत नाहीत, असं तुमचा शिपाई सांगत होता.

तुझी कॅप्टन, ती उंच मुलगी, माझ्याजवळ आली. स्टिकच्या टोकाने मुरूम उकरत उभी राहिली.

"मॅडम, सामनाना दिन तुम्ही कोनाकडे बसशात?"

"जळगावकडे. ती माझी टीम आहे."

"मंग तुमनी टीम जिकनी तं तुम्हाले आनंद व्हई."

"होईल."

"आनि आम्ही जिकनूत तं?"

तू इतकी वर्षं माझ्या समोरच्या बाकावर बसलीस. तूच तयार केलेली मुलगी दुसऱ्या कॉलेजचा संघ घेऊन यायची आणि तुझ्या मुलींना हरवून जायची. तेव्हा तुझ्या मनात काय चालायचं? ते विचारायचं राहिलं. तू सांगितलं असतंस की टाळलं असतंस, तेही माहीत नाही.

"तेव्हाही होईल," मी तिला म्हटलं. "पण टाळ्या वाजवणार नाही. मला नोकरी आहे."

ती पहिल्यांदा हसली, आणि मागे वळून तिने बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "मॅडमले नोकरी शे!" मग सगळ्याच हसल्या.

सामना पुढच्या महिन्यात आहे. माझ्या मुली जोरात तयारी करताहेत, आणि मी त्यांना जरासुद्धा सवलत देत नाहीये. तुझ्या मुलींनाही देणार नाही. पण त्या दिवशी जळगावच्या बाकावर, आमच्या प्राचार्यांच्या शेजारी, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली एक बाई दिसली, तर समजून घे.